निदानाची सुरुवात बांधावर होते

२०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक भरती होत होते. कोणाला उलट्या होत होत्या, कोणाची नजर अंधुक झाली होती, कोणी बेशुद्ध होतं, कोणाचा श्वास यंत्रावर होता. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो जणांवर उपचार झाले. या घटनेची चर्चा कीटकनाशक कंपन्या, कृषी केंद्रं, सरकारी यंत्रणा आणि शेतकऱ्याची हलाखी या अंगांनी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण वॉर्डातल्या डॉक्टरांसमोर रोज उभा राहणारा एक प्रश्न त्या चर्चेत मागे पडला: या माणसाच्या अंगात नेमकं काय गेलं आहे? विष प्यालेल्या माणसासोबत पुष्कळदा बाटलीही येते, आणि वेळेत आला तर त्याचं पोट धुता येतं. फवारताना कातडीतून आणि श्वासातून गेलेल्या विषावर पोट धुण्याचा उपयोग नाही, आणि डबा तर शेतातच राहिलेला असतो. प्रोफेनोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर अट्रोपिन जीव वाचवतं. डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिल असेल तर अट्रोपिन हा त्यावरचा उतारा नव्हे, आणि गरजेपेक्षा जास्त गेलं तर तेच रुग्णाला भ्रमात आणि तापात ढकलतं. त्यात अनेकांनी दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली. रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम मोजून काही अंदाज बांधता आला असता, पण ती सोयही तेव्हा तिथे नव्हती.

त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर शेतात पडलं होतं. ते डब्यावरच्या लेबलवर होतं, कृषी केंद्राच्या बिलावर होतं, फवारणी किती वाजता सुरू झाली आणि पहिली उलटी कधी झाली हे पाहणाऱ्याच्या आठवणीत होतं. हे उत्तर वॉर्डापर्यंत कोण नेणार? जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत लेबलवरची बारीक अक्षरं वाचू शकणारं माणूस म्हणजे नववी-दहावीत शिकणारी मुलगी किंवा मुलगा. त्या लेबलवर विषाची तीव्रता सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो, रसायनाचं नाव असतं, उताऱ्याची सूचना असते. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर तालुक्यांतल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, तर आजीचं कोलामीतलं दुखणं डॉक्टरांना मराठीत सांगण्याचं कामही पुष्कळदा शाळकरी नातवंडावरच येतं. हा विद्यार्थी निदानाच्या कामात आधीपासून सामील आहे. ते काम त्याला कोणी शिकवलेलं नाही, इतकंच. म्हणून माझं म्हणणं असं आहे की, डॉक्टर विचार कसा करतात हे यवतमाळ जिल्ह्यातल्या नववी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं पाहिजे. त्यांतले किती पुढे डॉक्टर होतील याच्याशी या मागणीचा संबंध नाही. ज्याला कधीच वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी चढायची नाही, त्याला याची गरज जास्त आहे, कारण तो गावातच राहणार आहे.

हे प्रथमोपचाराच्या तासापेक्षा वेगळं आहे. प्रथमोपचार शिकवताना आजार आधीच ठाऊक असतो: भाजलं तर हे करा, बुडाला तर ते करा. जीवशास्त्राच्या पुस्तकातही हृदय काय करतं ते येतं, पण ‘छातीत जड वाटतंय’ या वाक्यापासून हृदयापर्यंत, किंवा हृदय सोडून दुसरीकडे, डॉक्टर कसे पोचतात ते येत नाही. ती वाट उदाहरणानेच दाखवता येते. पावसाळ्यातली पहाट आहे. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला बारा वर्षांचा मुलगा पोट दुखतंय म्हणून उठतो. अंगावर जखम नाही, ताप नाही. घरातले म्हणतात, काल बाहेरचं खाल्लं होतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण विचार करणारा डॉक्टर इथे दोन वेगळे प्रश्न विचारतो. सगळ्यात संभवनीय काय आहे, हा पहिला. यातलं काय सुटलं तर मुलगा दुपारपर्यंत उरणार नाही, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मण्यार साप येतो. मण्यार रात्री, झोपलेल्या माणसाला चावतो, चावल्याची खूण पुष्कळदा दिसतही नाही, आणि सुरुवात पोटदुखीनेही होऊ शकते. मग डॉक्टर ते शोधतात जे या दोन शक्यतांना वेगळं करील: पापण्या जड होत आहेत का, गिळायला त्रास होतो का, आवाज बदलला का. अपचनाने पापण्या मिटत नाहीत. शक्यतांची यादी करणं, तिच्यात संभाव्यता आणि धोका या दोन्ही मोजमापांनी क्रम लावणं, यादी लहान करणारा प्रश्न निवडणं, आणि नवी खूण दिसली की आधीचं मत सोडून देणं, हा या विचाराचा गाभा आहे. यात अवघड लॅटिन नाव एकही नाही. चौदा वर्षांच्या मुलाला पेलणार नाही असंही काही नाही. पण ‘बाहेरचं खाल्लं होतं’ इथे थांबायचं नाही, हे मात्र सवयीनेच येतं, आणि पहिल्या पटलेल्या उत्तरापाशी थांबणं ही अनुभवी डॉक्टरांच्याही चुकांमधली एक नेहमीची चूक आहे. जेरोम ग्रूपमन या अमेरिकी डॉक्टरांनी २००७ मध्ये याच विषयावर एक पुस्तक लिहिलं. डॉक्टरांची बुद्धी कुठे घसरते हे दाखवताना, दुसरं काय असू शकेल असं रुग्णाने आणि नातेवाइकांनी विचारावं, अशी अपेक्षा त्यांनी त्यात व्यक्त केली आहे. तो प्रश्न विचारायला शिकवावं लागतं.

महाराष्ट्रात या विचाराचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण शोधायचं तर ते महाडला सापडतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगडमधल्या, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा विंचूदंशाने गंभीर झालेल्यांपैकी तीस-चाळीस टक्के रुग्ण मरत. हाताशी यंत्रसामग्री नव्हती. ते रुग्णाशेजारी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा, श्वास यांची तासातासाने नोंद करत गेले. नोंदींतून एक क्रम दिसू लागला: आधी रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. क्रम कळल्यावर कुठे अडवायचं ते कळलं, आणि उच्च रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त औषधाने मृत्यूंचं प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेसाठी यातला मोलाचा भाग औषधाचा शोध हा नाही. मोलाचा भाग नोंदवही हा आहे. वेळेसह लिहिलेलं निरीक्षण म्हणजे काय, ‘रात्रीपासून बरं नाही’ आणि ‘नऊला जेवला, अकराला घाम सुटला, बाराला श्वास लागला’ यांत काय अंतर आहे, हे कोणत्याही वर्गात, एक वही आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन शिकवता येतं. सर्पदंशात रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणीही अशीच: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून पाहायची. ते पातळच राहिलं असेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय बळावतो. चाचणी करणं डॉक्टरांचंच काम, पण ती काय सिद्ध करते आणि काय करत नाही यावर दहावीचा वर्ग तासभर वाद घालू शकतो. रक्त गोठलं म्हणजे साप चावलाच नाही का? नाही, मण्यार आणि नागाचं विष वेगळ्या वाटेने मारतं. नकारार्थी आलेल्या चाचणीचा अर्थ मर्यादित असतो ही समज पुष्कळ पदवीधरांनाही नसते.

आकड्यांचा भाग यापुढचा, आणि तो यवतमाळला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निमित्ताने शिकवावा लागेल. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आजार आहे, २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्याही वाढल्या आहेत. पालक दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता चारात एक, एवढं पाठ्यपुस्तकात येतं. चाचणीचा निकाल वाचायचा कसा, हे येत नाही. समजा, एका काल्पनिक आजाराची चाचणी दहा आजाऱ्यांपैकी नऊ जणांना पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी पाच जणांना चुकून आजारी ठरवते. हजार माणसांच्या गावात आजारी दहाच असतील तर चाचणी नऊ खरे आणि सुमारे पन्नास खोटे रुग्ण दाखवील. म्हणजे चाचणीत सापडलेल्या सहा-सात जणांतला एकच खरा. त्याच चाचणीने, आजारी दोनशे असलेल्या गावात, सापडलेल्या दर पाचांतले चार खरे निघतील. चाचणी तीच, पण गाव बदललं की निकालाचा अर्थ बदलतो. डॉक्टर ‘कुठून आलात’ असं का विचारतात त्याचं हे एक कारण. हा हिशेब शिकलेल्यांनाही चकवतो. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना हजारात एकाला होणाऱ्या आजाराबद्दल असाच प्रश्न विचारला गेला: चाचणीत सापडलेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? बरोबर उत्तर सुमारे दोन टक्के होतं. ते ११ जणांनीच दिलं, आणि जवळपास निम्म्यांनी ९५ टक्के असं सांगितलं. सिकलसेलचा धडा शिकवताना एक पथ्य मात्र कडक पाळावं लागेल. वर्गातल्या कोणाचंही नाव, जात वा रक्ताचा अहवाल फळ्यावर येता कामा नये. ज्या वयात लग्नाची बोलणी कानावर पडू लागतात, त्या वयात वाहक असल्याचा डाग मुलीच्या वाट्याला सगळ्यात आधी येतो.

असा विचार आणि असा हिशेब शाळकरी वयात शिकता येतो, याचा पुरावा आहे. बीजिंगमधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. टक्केवारीत विचारलेला अशाच हिशेबाचा प्रश्न एकाही मुलाला सुटला नाही. ‘शंभरातले इतके’ अशा भाषेत विचारल्यावर सहावीतल्या मुलांची जवळपास निम्मी उत्तरं बरोबर आली. युगांडात १२० शाळांमध्ये दहा हजारांहून अधिक मुलांवर एक प्रयोग झाला. एखादा उपचार गुणकारी आहे हा दावा कसा तपासावा, हे त्यांना चित्रकथेच्या पुस्तकातून शिकवलं. २०१७ मध्ये आलेल्या निकालानुसार ठरवलेली पातळी शिकवलेल्या मुलांपैकी ६९ टक्क्यांनी गाठली, न शिकवलेल्यांपैकी २७ टक्क्यांनी. पण मला याहून वजनदार वाटतो तो महाराष्ट्रातलाच पुरावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या, बेताचं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असतील तर धोका, ही खूण मोजायची, आणि मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं साधं साधन बनवलं. एकट्या लक्षणावर घाबरायचं नाही, लक्षणं एकत्र आली की थांबायचं नाही, हा भेद त्या बायका करू लागल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांप्रमाणे त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकात निरक्षर महिलांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं ते याच विश्वासावर. या बायका जे शिकल्या ते दहावीच्या मुलाला झेपणार नाही असं म्हणायला आधार नाही.

उलट, वैद्यकाची स्वप्नं पाहणाऱ्या मुलांना आपण आज जे शिकवतो ते या विचाराच्या जवळपास विरुद्ध आहे. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेडची हुशार मुलं दहावीनंतर नागपूर, लातूर किंवा कोटा गाठतात, घरची शेती त्यासाठी गहाण पडते, आणि दोन वर्षं सराव चालतो तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या १८० प्रश्नांचा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक बरोबर. रुग्ण असे पर्याय घेऊन येत नाही, आणि प्रश्न कोणता हेही तो सांगत नाही. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ पासून एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षात रुग्णांशी ओळख सुरू करून दिली, हे चांगलंच झालं. पण तोवर उत्तर लगेच माहीत असणं म्हणजेच हुशारी, हा समज मुलाच्या हाडात मुरलेला असतो.

यावरचा पहिला आक्षेप अर्धवट ज्ञानाचा, आणि तो हलका नाही. दोन तास ऐकून मुलगा घरच्यांना औषधं सांगू लागला तर? कोवळ्या वयाची मुलं वाचलेला प्रत्येक आजार स्वतःत पाहू लागली तर? हे होऊ शकतं. म्हणून या तासात औषधाचं प्रमाण, इंजेक्शन, उपचार यांतलं काहीच नसावं. वर्गाने निरीक्षणं लिहावीत, प्रश्न काढावेत, कोणत्या खुणेला क्षणभरही थांबायचं नाही ते ठरवावं, आणि तिथेच थांबावं. पण हेही पाहायला हवं की अर्धवट ज्ञान आजही गावात आहेच. मेडिकलच्या काउंटरवरचा सल्ला आहे, मोबाइलवर फिरणारा काढा आहे, साप उतरवणारा भगत आहे, ‘सलाईन लावा म्हणजे उतरेल’ हा आग्रह आहे. या सगळ्यांचा समान गुण म्हणजे खात्री. त्यांना शंका माहीत नाही. डॉक्टरांची विचारपद्धती शिकलेल्या मुलाच्या हाती सगळ्यात आधी शंका येते, आणि भगताच्या दारात गेलेली पहिली वीस मिनिटं वाचवायला तीच उपयोगी पडते. डॉक्टरांवरचा विश्वास यामुळे कमी होईल, असंही म्हटलं जाईल. मला ते पटत नाही. ‘आज काही नक्की सांगता येत नाही, ताप उतरला नाही तर परवा या’ हे वाक्य ज्याला अज्ञानाची कबुली वाटतं तो संतापतो. त्यामागचा विचार ज्याला कळतो तो परवा येतो.

सगळ्यात अवघड आक्षेप वेगळाच आहे. जिल्ह्याला हव्यात खाटा, अतिदक्षता विभाग, प्रयोगशाळा, भरलेली डॉक्टरांची पदं. आणि तुम्ही सांगता मुलांना विचार करायला शिकवा. म्हणजे यंत्रणेची जबाबदारी पुन्हा गरिबाच्याच डोक्यावर! या आक्षेपामागे अनुभव आहे. २०१७ मध्येही दोषाचा मोठा वाटा फवारणाऱ्यांवर टाकला गेला: हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधलं नाही. पण हे स्पष्टीकरण नीट पाहिलं तर ते घाईत केलेल्या चुकीच्या निदानासारखंच आहे. हातमोजे तर आधीच्या वर्षीही नव्हते. मग त्याच वर्षी एवढी माणसं का पडली? त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला जुमानलं नव्हतं, फवारण्या वाढल्या होत्या. कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा खाली पानांवर न पडता तोंडासमोर उडत होता. बारीक तुषार सोडणारे बॅटरीवरचे पंप आले होते. औषधांची मिश्रणं दुकानदाराच्या सांगण्यावरून होत होती. दमट उकाडा होता. यातल्या कोणत्या कारणाचा वाटा किती, हे तपासून ठरवायचं काम आहे. पण कारणांची यादी मांडून ‘या वर्षी नवीन काय होतं’ असं विचारणं, हीच डॉक्टरांची रीत, आणि ती एका रुग्णाकडून जिल्ह्याकडे वळवली की तिच्यातून जाब विचारणारा नागरिक तयार होतो. कोलिनेस्टरेजची चाचणी काय सांगते हे ज्याला कळतं, तोच ती आपल्या रुग्णालयात का नाही असं ग्रामसभेत विचारू शकतो. विचार शिकवणं हा खाटांना पर्याय नाही. खाटा मागायला मात्र त्याने बळ येतं.

राहिला प्रश्न वेळ आणि शिक्षकांचा. अभ्यासक्रम ओसंडून वाहतो आहे आणि विज्ञानाच्या शिक्षकाला हे कोणी शिकवलेलं नाही, दोन्ही खरं. म्हणून नवा विषय नको, वर्षाला आठ-दहा तास पुरेत. एक तास, एक रुग्णकथा, ती तुकड्यातुकड्याने उलगडणारी. सप्टेंबरच्या दुपारी शेतात चक्कर येऊन पडलेली बाई; मुलांनी शक्यता लिहायच्या: ऊन, उपास, फवारणी, साप, ताप, गरोदरपण. मग पुढचा तुकडा: तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आधीचं उत्तर खोडू द्यायचं नाही, त्याखाली नवं लिहायचं आणि मत कशामुळे बदललं तेही लिहायचं. अशा कथा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयातले अध्यापक आणि इंटर्न सहज लिहून देऊ शकतील, ओळख पुसून, मराठीत, आणि आश्रमशाळांसाठी कोलामी-गोंडीतले दुखण्याचे शब्द घेऊन. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक शाळेत येतंच. उंची, वजन, डोळे, दात तपासून ते निघतं. त्याच दिवशी त्यांनी एक तास वर्गात थांबून एका मुलीच्या तपासणीतून नव्हे, एका लिहिलेल्या कथेतून आपण कसा विचार करतो ते मोठ्याने बोलून दाखवावं. शिक्षकाने उत्तर माहीत असल्याचा आव आणायची गरज उरत नाही, कारण गुण उत्तराला नसतात. ‘अजून सांगता येत नाही, आधी हे विचारीन’ असं लिहून कारण देणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत. हे आपल्या परीक्षांना जड जाईल, म्हणून सुरुवातीला परीक्षेबाहेर ठेवलेलं बरं.

आणि या सूचनेलाही तोच नियम लागू व्हावा जो ती शिकवते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, फवारणीचा जोर ऑगस्टपासून असतो. मधला जुलै हाती आहे. झरी-जामणी, मारेगाव आणि घाटंजी तालुक्यांतल्या निम्म्या माध्यमिक शाळांत हे तास घ्यावेत, निम्म्यांत पुढच्या वर्षी. ऑक्टोबरअखेर प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्या पाहाव्यात: विषबाधेच्या रुग्णासोबत डबा किंवा लेबलचा फोटो आला का, लक्षण सुरू झाल्याची वेळ सांगता आली का, सर्पदंश झाल्यापासून केंद्रात पोचेपर्यंत किती वेळ गेला. दोन्हीकडच्या गावांत फरक दिसला नाही, तर हा अभ्यासक्रम चुकला आहे असं समजून तो बदलावा.